पर्सिस्टंट : एका संगणक-उद्योगाची वाटचाल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास हे विषय यावयाचेच. त्या मालिकेत एका संगणक-कंपनीच्या वाढीचा विषय घेऊन मी उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. आपल्या चिटणीसांनाही ते वाटले होते. पण मंडळाची सभासदयादी एकदा चाळून पाहावी. पन्नास वर्षांपूर्वी ज्या घरांतील कर्ती माणसे सकाळच्या भोंग्याबरोबर गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा कारखाना, रेल्वे किंवा तारखाते यांच्याकडे निघत, त्याच घरांतील मुलेमुली आज पुणे, बंगलोर, हैदराबाद येथे ‘सॉफ्टवेअरमध्ये’ आहेत. मुलगा काय करतो असे विचारले की आईवडील कंपनीचे नाव सांगतात, पगाराचा अंदाज सांगतात आणि तेथेच थांबतात. पुढे सांगावयास त्यांच्याजवळ शब्द नसतात. ज्या उद्योगाने आपली घरे अर्धी रिकामी केली, तो उद्योग नेमका काय करतो आणि वाढतो कसा, हे आपण एकदा समजून घ्यावयास नको काय?

मी कला शाखेचा पदवीधर. सारी नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात. संगणकशास्त्राचा माझा अधिकार यत्किंचितही नाही. परंतु ज्याने आयुष्यभर खतावण्या पाहिल्या, त्याला या धंद्याचे मर्म कळण्यास फारशी अडचण पडू नये, असे मला अभ्यासांती वाटू लागले आहे.

उदाहरण आपल्या कारखान्यांचेच घेऊ. भांडारातून एखादा सुटा भाग विभागाकडे गेला, तर पूर्वी किती ठिकाणी नोंद होई? बिन कार्डावर एक, भांडाराच्या लेजरात दुसरी, मागणीपत्रावर तिसरी, विभागाच्या खर्चात चौथी. आणि शिल्लक ठरावीक पातळीच्या खाली गेली तर खरेदी विभागाला पाचवे टिपण. या पाचही नोंदी जुळल्या तर हिशेबनीस सुखाने झोपे. बहुधा त्या जुळत नसत. मोठ्या उद्योगसंस्थेचा सारा कारभार एका नोंदीतून पाचही ठिकाणी आपोआप उमटावा, ही ज्या प्रणालीची करामत, तिला उद्योगसंस्थांचे सॉफ्टवेअर म्हणतात. जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली सॅप ही कंपनी काढली, ती याच कामासाठी. अमेरिकेत १९७७ साली निघालेल्या ओरॅकलने माहितीच्या कोठाराचे, म्हणजे डेटाबेसचे काम हाती घेतले. त्याची शास्त्रीय बैठक एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली एका निबंधात घालून दिली होती. सगळी माहिती ओळी व रकान्यांच्या साध्या तक्त्यांत मांडावी, हा त्याचा विचार. आपल्या खतावणीचेच ते शास्त्रशुद्ध रूप, असे म्हटले तर जाणकारांनी मला क्षमा करावी.

या काळात आपल्या देशात काय चालले होते? मुंबईत टाटांनी १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा पाया घातला होता. फकीरचंद कोहली यांनी ती संस्था वाढविली. परकीय चलनाच्या कायद्याखाली भागभांडवल कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती कंपनी भारतातून निघून गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, तिचा संदर्भ पुढे यावयाचा आहे. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस जन्मली, पण १९८३ साली ती बंगलोरला गेली. पुणेकरांनी हातची संधी दवडली असे अनेकदा म्हटले जाते. मला तसे वाटत नाही. कंपनी ग्राहकाच्या मागे जाते, गावाच्या प्रेमाखातर कोठेही थांबत नाही.

आता आजच्या विषयाकडे वळतो. पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीची निवड मी केली ती केवळ ती मराठी माणसाची म्हणून नव्हे. तसे पाहिले तर पुण्यात रवी पंडित यांची केपीआयटीही आहे, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ साली ‘परम’ हा महासंगणक उभा केला तोही पुण्यातच. पर्सिस्टंटची कथा आपल्या विशेष जवळची आहे, कारण तिचा आरंभ महाराष्ट्रात होत नाही. तो होतो आपल्या मध्य प्रदेशात.

तिचे संस्थापक डॉ. आनंद देशपांडे भोपाळला वाढले. त्यांचे वडील भेलमध्ये नोकरीस होते. भोपाळचा तो कारखाना १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने स्थापन झाला, आणि त्याच्या वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतली कुटुंबे आली. ती वसाहत ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वातावरण सांगावयास नको. आपल्या येथील कारखान्यांच्या इस्टेटींचेच ते भावंड. शेजारी एकीकडे बंगाली, दुसरीकडे तमिळ. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खेळताना हिंदी. सरकारी कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाला प्रांताची भिंत फारशी अडवीत नाही, आणि पुढे ज्याला परदेशांशी व्यवहार करावयाचा आहे त्याला हे शिक्षण फुकट मिळून जाते. आपण बृहन्महाराष्ट्रातली मंडळी याला बहुधा उणीव समजतो. मी तिला भांडवल म्हणेन.

खरगपूरच्या आय. आय. टी.तून १९८४ साली संगणकशास्त्राची पदवी घेऊन देशपांडे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९८९ साली डॉक्टर झाले. त्यांचे संशोधन डेटाबेसवरच होते. तो विषय थोडा सोपा करून सांगतो, कारण पुढची सारी कंपनी त्याच बीजातून उगवली आहे. कॉडच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट मावते. आता शिधापत्रिका डोळ्यांपुढे आणा. कुटुंबप्रमुखाचे नाव एका चौकटीत लिहिता येईल. पण ‘कुटुंबातील माणसे’ या चौकटीत काय लिहाल? तेथे तर दुसरी यादीच हवी. चौकटीच्या पोटात आणखी एक तक्ता ठेवता यावा, आणि तरीही शोध झटपट लागावा, यासाठी प्रत्यक्ष यंत्रावर काय करावे लागेल, हा त्या संशोधनाचा विषय होता. पुढे काही काळ कॅलिफोर्नियात ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करून १९९० साली ते भारतात परतले आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात त्यांनी कंपनी सुरू केली.

कंपनीच्या नावाविषयी एक गंमत आहे. इंग्रजी कोशात पर्सिस्टंट म्हणजे चिकाटीचा. उद्योजकाने चिकाटीचा दाखला म्हणून हे नाव घेतले असेल अशी कोणाचीही समजूत होईल, आणि ती अगदीच चुकीची ठरू नये. परंतु डेटाबेसच्या शास्त्रात या शब्दाला खास अर्थ आहे. गणित करून झाले, यंत्र बंद केले, वीज गेली, तरीही जी माहिती शाबूत राहते ती पर्सिस्टंट. संस्कृतात यासाठी आयता शब्द आहे : अक्षर. जे क्षरत नाही ते. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर काय करावयाचे? एक तर दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाही तर एकही होऊ नये. अर्धवट काही उरता कामा नये. हे साधण्यासाठी फार बारीक काम करावे लागते. ग्राहकाला ते दिसत नाही. पण ते बिघडले तर बँक बुडेल. असे न दिसणारे काम करणारी कंपनी, हे पर्सिस्टंटचे पहिल्या काळातले रूप.

परंतु १९९० साली पुण्यात बसून अमेरिकेचे काम करावयाचे कसे? संगणक आयात करावा तर जकात भारी. काम पाठवावयाचे तर टेलिफोनची अवस्था आपण सर्वांनी भोगलेली आहे. जबलपूरहून पुण्याला ट्रंक कॉल लागेपर्यंत चहाचे दोन घोट होत नसत, दोन जेवणे होत. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच्याही आधी सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आणली होती. १९९० मध्ये बंगलोर, पुणे आणि भुवनेश्वर ही तिची पहिली तीन ठाणी झाली आणि १९९१ च्या जूनमध्ये ती एका संस्थेखाली एकत्र आली. निर्यात करणाऱ्याला विनाजकात संगणक आणता यावा आणि उपग्रहामार्फत परदेशाशी दळणवळणाची सोय भाड्याने मिळावी, एवढाच तिचा गाभा. सरकारी नोकर या नात्याने येथे दोन शब्द अधिक बोलण्याची मुभा घेतो. सरकारवर उद्योगाची वाट अडविल्याचा आरोप नित्य होतो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. पण ही एक योजना अशी झाली की तिने नियम वाढविले नाहीत, तार तेवढी जोडून दिली. पुण्याला ती तार पहिल्या फेरीतच मिळाली. ती भोपाळला किंवा जबलपूरला मिळाली असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे कंपनीने जो मार्ग धरला तो तिच्या बरोबरीच्या पुष्कळ संस्थांहून वेगळा होता. मोठ्या भारतीय कंपन्या परदेशी बँका, विमा कंपन्या, कारखाने यांची कामे घेत. शेकडो माणसे नेमावयाची आणि ग्राहकाची जुनी प्रणाली सांभाळावयाची. त्यात माणसे वाढली की उत्पन्न वाढे. पर्सिस्टंटने मुख्यत्वे अशा ग्राहकांकडे लक्ष दिले की जे स्वतःच सॉफ्टवेअर बनवून विकतात. म्हणजे विक्रीला जाणारे उत्पादन अमेरिकन नावाचे, आणि त्याच्या पोटातला काही भाग पुण्यात घडलेला.

यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. नाव दुसऱ्याचे, कष्ट आमचे, मग यात पुरुषार्थ कोणता? शिंप्याने शिवावे आणि दुकानदाराने स्वतःची चिठ्ठी लावावी, तसाच हा प्रकार नव्हे काय? माझे उत्तर असे की शिंप्याशिंप्यांतही फरक असतो. दिलेल्या मापाला शिलाई मारणारा एक, आणि कापड कसे बेतावे हे ठरविणारा दुसरा. उत्पादन घडविणाऱ्याला ते दहा वर्षे टिकवावे लागते, त्याच्या नव्या आवृत्त्या काढाव्या लागतात, प्रतिस्पर्धी काय करतो आहे याचा माग ठेवावा लागतो. अशा कामात तयार झालेला माणूस उद्या स्वतःचे काही घडवू शकतो. तथापि हेही मान्य केले पाहिजे की सॅप किंवा ओरॅकल यांच्या तोडीचे, जगभरच्या कचेऱ्यांत ज्याचे नाव घेतले जाईल असे उत्पादन पुण्याने अद्याप दिलेले नाही. त्याचे कारण बुद्धीची उणीव हे खचित नाही. असे उत्पादन ज्यांना विकावयाचे ते मोठे ग्राहक आपल्या शेजारी नव्हते, आणि अनेक वर्षे तोटा सोसून वाट पाहणारे भांडवलही नव्हते.

भांडवलाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कंपनीची पहिली वर्षे घरच्या पुंजीवर आणि मिळालेल्या कामावर गेली. वडीलही मुलाच्या उद्योगात सामील झाले आणि संचालक म्हणून त्यांनी काम पाहिले. सरकारी कारखान्यात उमेद घालविलेल्या माणसाने ऐन निवृत्तीच्या वयात मुलाच्या धाडसाला खांदा द्यावा, ही मला या कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आपण पेन्शनची कागदपत्रे जुळविण्यात गढलेलो असतो त्या वयातली ही गोष्ट आहे. २००० साली इंटेलच्या गुंतवणूक शाखेने पैसे घातले, २००५ साली आणखी दोन परदेशी गुंतवणूकदार आले, आणि २०१० च्या मार्चमध्ये कंपनी लोकांपुढे भाग विकावयास आली. भागाची किंमत ३१० रुपये होती आणि मागणी ९० पटींहून अधिक आली. वीस वर्षे थांबून मग बाजारात उतरणे हे या धंद्यात फारसे आढळत नाही. भागभांडवलात कर्मचाऱ्यांनाही वाटा दिला होता, हेही येथे नोंदविले पाहिजे.

आकड्यांची मला सवय आहे, आपल्याला कंटाळा असेल. म्हणून तीनच आकडे सांगतो. २००९-१० साली कंपनीचे उत्पन्न सुमारे ६०१ कोटी रुपये होते. २०१९-२० साली ते ३,५६६ कोटींच्या घरात गेले. आणि २०२४-२५ साली ते ११,९०० कोटींच्या वर पोहोचले. म्हणजे पहिल्या तीस वर्षांत उत्पन्न जेथवर पोहोचले होते, त्याच्या तिपटीहून अधिक ते पुढील पाच वर्षांत झाले. २०२२-२३ मध्ये उत्पन्नाने एक अब्ज डॉलरची रेषा ओलांडली, आणि मार्च २०२५ अखेर कर्मचाऱ्यांची संख्या चोवीस हजारांच्या पुढे होती.

ही उडी कशी घेतली गेली? एक कारण सर्वांनाच लागू पडणारे. करोनाच्या साथीत जगातल्या लहानमोठ्या संस्थांना आपला कारभार घाईघाईने संगणकावर चढवावा लागला. दुसरे कारण अंतर्गत आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. संस्थापकांनी रोजचा कारभार दुसऱ्याच्या हाती दिला. २०१९ साली बाहेरून मुख्याधिकारी आणला गेला, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून संदीप कालरा त्या पदावर आले. देशपांडे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक राहिले. आपल्या मराठी संस्थांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी हे मुद्दाम का सांगतो ते कळेल. संस्था काढणारा माणूस खुर्ची धरून बसतो, त्याच्याबरोबर संस्था म्हातारी होते, आणि मग तिचा अमृतमहोत्सव वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटांपुढे साजरा होतो. आपले मंडळ याला अपवाद आहे, असे अध्यक्ष समोर बसले असताना मी म्हणणारच.

बहुराष्ट्रीयत्वही हळूहळू आले. पहिली खरेदी घरच्या अंगणातली होती : २००५ साली गोव्यातील कंट्रोलनेट ही कंपनी. पुढे २०१७ साली स्वित्झर्लंडमधील एक आणि २०१९ साली जर्मनीतील एक संस्था पर्सिस्टंटने विकत घेतली. आणि आता मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट. १९७८ साली जी आयबीएम आपला गाशा गुंडाळून या देशातून गेली, आणि पुढच्या काळात भागीदार शोधून परत आली, त्याच आयबीएमने २०१६ साली अभियंत्यांना लागणाऱ्या आपल्या काही उत्पादनांच्या पुढील विकासाचे काम पुण्याच्या या कंपनीशी करार करून सोपविले. अडतीस वर्षांत चाक असे फिरले.

कंपनीच्या इमारतींची नावे ऐकून माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसाला विशेष आनंद होतो. सेनापती बापट मार्गावरील मुख्य इमारत भगीरथ, एरंडवण्यातील आर्यभट्ट-पिंगल, गोव्यातील चरक-भास्कर, आणि नागपूरच्या आय. टी. पार्कमधील गार्गी-मैत्रेयी. यांतले पिंगल हे नाव कोणी विचारपूर्वक दिले असले पाहिजे. छंदःशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाने लघु आणि गुरू या दोनच खुणांनी वृत्तांचे सारे प्रस्तार मांडून दाखविले. संगणकही शून्य आणि एक या दोनच खुणांवर चालतो. वृत्तदर्पण घोकून ज्यांनी शाळेत छड्या खाल्ल्या, त्यांच्या नातवंडांचे पोट आज दोन खुणांच्या प्रस्तारावर चालले आहे म्हणावयाचे.

नागपूरचा उल्लेख झाला, आणि तो आपल्या दृष्टीने सर्वांत निकटचा. वधूवर पाहणे, मोठे दवाखाने, लग्नाचा बस्ता, यांसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या नागपूरला जात आलो. आज तेथे पर्सिस्टंटसारख्या कंपनीत नोकरी करून शनिवारी रात्री घरी येणे आपल्या मुलांना शक्य आहे. पण याची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भोपाळचा मुलगा अमेरिकेतून परत आला, यावर आपण टाळ्या वाजवितो. परंतु तो भोपाळला परत आला नाही, पुण्याला आला. त्याला दोष देण्याचे कारण नाही. तार पुण्यात होती, अभियांत्रिकीचे विद्यार्थी पुण्यात होते, टाटांचे संशोधन केंद्र १९८१ पासून पुण्यात होते. मुलगा परतला तरी घर परतत नाही. घरालाच उठून त्याच्या गावी जावे लागते. आपल्या सभासदांपैकी गेल्या काही वर्षांत किती जोडपी येथील बंगली विकून कोथरूड-बाणेरच्या तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेली, ते आपण जाणताच. तेथे त्यांना मराठी ऐकावयास मिळते. नर्मदा मिळत नाही.

मग हा उद्योग आपल्या गावी येईल काय? इंदूरला टीसीएस आणि इन्फोसिस यांची आवारे झाली. जबलपूरलाही २००५ पासून माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, बरगी हिल्सला आय. टी. पार्क आहे, आणि तारेचा प्रश्न तर कधीच सुटला. जे अजून नाही ते म्हणजे पंधरा-वीस वर्षे हे काम केलेली माणसे. शिकाऊ मुले येथे पुष्कळ निपजतात. त्यांना शिकविणारा वरिष्ठ पुण्याला किंवा बंगलोरला असतो. साथीच्या काळात घरून काम करण्याची रीत पडली तेव्हा अशी काही माणसे वर्ष-दीड वर्ष आपल्या घरी येथे राहून काम करीत होती. माझीच पुतणी नेपियर टाउनच्या माडीवर बसून रात्री अकरा वाजता अमेरिकेतील माणसांशी बोलत असे, आणि वहिनी दाराबाहेर दूध घेऊन उभी असे. मग बोलावणे आले आणि ती गेली.

एक नवी शंकाही आता घरोघर बोलली जाते. २०२२ च्या अखेरीपासून यंत्र स्वतःच प्रोग्राम लिहू लागले आहे. तेव्हा या मुलांच्या नोकऱ्यांचे काय? कंपन्यांनी हे हत्यार स्वतःच हाती घेतले आहे. पर्सिस्टंटनेही तसे आपले साधन २०२४ साली पुढे आणले. नुसती शिलाई मारणाऱ्याचे काम यंत्र घेईल, हे मला दिसते. कापड बेतणाऱ्याचे केव्हा घेईल, हे सांगण्याइतका मी जाणता नाही. परंतु भांडारातील पाच नोंदी जुळल्या नाहीत तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न माझ्या खात्यात यंत्राला विचारला जात नाही. सहीखालच्या माणसालाच विचारला जातो.

वेळ बराच झाला. मागल्या रांगेत या क्षेत्रातलीच चारपाच तरुण मंडळी सुटीवर आलेली मला दिसत आहेत. डेटाबेसविषयी आणि नोकऱ्यांविषयी आपल्याला जे विचारावयाचे असेल ते चहाच्या वेळी त्यांना विचारावे. बैठकीची व्यवस्था मी चिटणिसांना सांगून ठेवली आहे.